खरे आठ

अकरा माणसांना परदेशात नेणं एक वेळ सोपं, ते काम विमान करतं. त्याच अकरा माणसांना सकाळी हॉटेलच्या खोल्यांतून काढून गाडीत बसवायचं म्हणजे नाकी नऊ येतात, आणि ते काम धाकटीकडे होतं. धाकटी म्हणजे घरातली धाकटी सून. गाडी ठरवायची, ड्रायव्हरशी बोलायचं, बोटीची तिकिटं काढायची, कोणत्या दिवशी कुठे जायचं ते आखायचं. शिवाय कोणाला चढ झेपत नाही, कोणाला गाडी लागते, कोणाला घडोघडी उतरावं लागतं, हे ध्यानात ठेवायचं ते वेगळंच. इथलं सिमकार्ड फक्त तिच्या फोनमध्ये होतं आणि इथल्या माणसांशी चार वाक्यं बोलायची हिंमत फक्त तिच्यात होती. मग काय, सगळ्यांनी एकमताने तिला मान दिला आणि मानाबरोबर हमालीही. पहिल्या दिवसापासून सगळे तिला मॅनेजर म्हणू लागले.

या घराण्याला उशिराचा रोग होता. निघायची वेळ झाली की थोरला दीर, म्हणजे दादा, दाढीचा साबण फेसायला घ्यायचे. थोरली जाऊ, तिला सगळे वहिनी म्हणत, गाडीच्या दारापर्यंत येऊन पिना राहिल्या म्हणून परत वर जायची. सगळ्यांत शेवटी उतरायच्या त्या ताई. ताई धाकटीच्या नणंद, भावंडांत सर्वांत मोठ्या. अकाली वैधव्य आलं म्हणून लेकीला घेऊन माहेरी आल्या आणि बघता बघता माहेर त्यांच्या मुठीत गेलं. किल्ल्या त्यांच्याकडे, गाडी त्यांच्याकडे, शब्द त्यांचा. वाट लोकांनी बघायची असते, आपण नाही, असा त्यांचा खाक्या.

इतकी वर्षं या माणसांत काढून धाकटी शहाणी झाली होती. ती निघायची वेळ तासभर आधीची सांगायची. आठला गाडी हलवायची असेल तर म्हणायची, सात. लोकही काही दूधखुळे नव्हते. दुसऱ्याच दिवशी दादांनी नाश्त्याच्या टेबलावर जाहीर करून टाकलं, "मॅनेजरचे सात म्हणजे आपले आठ. आरामात आवरा!" सगळे हसले, धाकटीही हसली. तेव्हापासून ती सात म्हणायची, ते आठला यायचे आणि गाडी आठला सुटायची. फसवणूक दोन्हीकडून होती, म्हणून कारभार सुरळीत चालला होता.

पण धाकटीच्या पोटात एक निखारा होता आणि तो ती परदेशातही बरोबर घेऊन आली होती.

पाच वर्षांपूर्वी एका सकाळी तिच्या भावाचा फोन आला होता. आईचं खरं नाही, आज ये. माहेर गाडीने चार तासांवर. धाकटी तशीच पदर खोचलेली ताईंपुढे जाऊन उभी राहिली आणि गाडी मागितली. त्या दिवशी ताईंच्या लेकीला स्थळ आलं होतं, मुलाकडची माणसं जेवायला यायची होती. ताईंनी भाजी निवडता निवडता वरही न बघता सांगितलं, "आपल्यात असं कोणी एकटं जात नाही. गाडी एकच आहे. उद्या सगळे मिळून जाऊ." नवऱ्याने मान खाली घातली. घरात एकच माणूस बोललं, ते म्हणजे ताईंची लेक. "मामी, तू जा गं. मी बघते स्वयंपाकाचं." तिला ताईंनी एका नजरेत गप्प केलं. धाकटीने पाहुण्यांना वाढलं, आग्रहसुद्धा केला. दुसऱ्या दिवशी सगळे मिळून निघाले, तेही उशिरा. वाटेत ताई म्हणाल्या, इथे चहा बरा मिळतो. ते चहाला थांबले. पोचले तेव्हा दारात चपलांचा ढीग होता आणि आत काही उरलं नव्हतं.

ज्या स्थळासाठी हे झालं ते स्थळ लेकीने नाकारलं आणि वर्षभरात आपल्या मनाने लग्न केलं. दादांनी शपथ घातली, या घरात तिचं नाव काढायचं नाही. ताईंनी भावाच्या शपथेला मान डोलावली. लेकीने मात्र आईला गुपचूप निरोप धाडला होता, तू एकटी ये, मी लग्ननोंदणीच्या कचेरीच्या दाराशी थांबते. ताई येते म्हणाल्या आणि गेल्या नाहीत. मुलगी सह्या करायच्या आधी दुपारपर्यंत दाराकडे बघत उभी होती म्हणे.

तो विषय पुन्हा निघाला तो हॉटेलच्या तळघरात. तिथे कपडे धुण्याची यंत्रं होती. धाकटी अकरा माणसांचे मोजे यंत्रात कोंबत होती आणि ताई जिना उतरून आल्या. घरी ज्या बाईने रुमाल पिळला नाही, ती धुण्याच्या खोलीत! धाकटी बघतच राहिली.

"ऐक ना," ताई हळूच म्हणाल्या, "ती इथेच आहे. समोरच्या बेटावर. तिथल्या हॉटेलात नोकरी करते."

"कोण?" धाकटीने विचारलं. माहीत असूनही विचारलं.

"माझी लेक." ताईंनी यंत्राच्या काचेत फिरणाऱ्या मोज्यांकडे बघत सांगितलं. "तू तिच्याशी बोल. माझा फोन उचलत नाही ती. बेटाची सहल ठेव एखाद्या दिवशी. दादाला मात्र कळायला नको. बेट बघायला म्हणून जाऊ. तू ठरवलंस तर होईल. तुझ्या हातात आहे बाई."

तुझ्या हातात आहे. हे तीन शब्द ऐकायला धाकटी पाच वर्षं थांबली होती. तिने यंत्राचं दार लावलं आणि गोड आवाजात म्हणाली, "बघते हं ताई."

भाचीने मामीचा फोन पहिल्या घंटेला उचलला. आधी मामीची चौकशी केली, मामाची केली. शेवटी म्हणाली, "नवऱ्याची बदली झालीय, मामी. गुरुवारी दुपारी आम्ही बेट सोडतोय, संध्याकाळचं विमान आहे. पार दुसऱ्या टोकाला. सकाळच्या बोटीने ती आली तर मी धक्क्यावर आहे. आधी एकदा मी तिची वाट बघितलीय. ही शेवटची. नाही आली तर विषय संपला, मग तूही मला पुन्हा तिच्यासाठी फोन करू नकोस."

सकाळी बेटावर जाणारी बोट एकच होती. पुढची दुपारनंतर.

धाकटीने तिकिटं काढली, गाडी ठरवली. बुधवारी संध्याकाळी सगळे हॉटेलच्या गच्चीत पाय पसरून बसले होते तेव्हा तिने उभं राहून कार्यक्रम सांगितला. उद्या बेट. गाडी खाली आठला.

तिने आठ सांगितले आणि ते खरे आठ होते. आठला गाडी निघाली तरच बोट मिळणार होती. रोजच्यासारखं सात म्हणायचं तिने टाळलं, एवढंच. बाकी करंगळीसुद्धा हलवायची गरज नव्हती. तिला मनातल्या मनात हसू फुटत होतं. उद्या हे सगळे यांच्या सवयीने नऊला उतरतील, ताई सगळ्यांच्या मागून मोराच्या चालीने येतील, बोट गेलेली असेल आणि दोष कोणाला? मी तर वेळ सांगितली होती, आणि चक्क खरी सांगितली होती. ज्या उशिराने माझी आई नेली त्या उशिरानेच तुमची लेक जाऊ दे. करावं तसं भरावं, तेही आपल्या हाताने. त्या रात्री तिला लहान मुलासारखी झोप लागली.

सकाळी ती आठच्या बरीच आधी खाली आली आणि दारातच थबकली. ताई गाडीत बसलेल्या होत्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्या सगळ्यांच्या आधी आल्या होत्या. ठेवणीतली साडी, केस चापून बसवलेले, मांडीवर कापडी पिशवी. ड्रायव्हर गाडीबाहेर उभा राहून काच पुसत होता आणि मधूनच आत बघून हसत होता. रोज त्याने या बाईची वाट बघितली होती, त्यालाही नवल वाटलं असावं.

"झोपच लागली नाही," ताई म्हणाल्या. "तिच्या बांगड्या आणल्यात. लग्नासाठी करून ठेवल्या होत्या. तिच्या हातात होतील ना गं अजून?"

"होतील की," धाकटी म्हणाली. तिचा बेत ताईंच्या गळ्यात ताईंचाच दोर अडकवायचा होता. आता दोर होता, पण गळा निसटला होता. पुढे जायचं तर दोर स्वतः ओढावा लागणार होता. तिने एकदा आकाशाकडे बघितलं, एकदा रस्त्याकडे. मग ती गाडीच्या पायरीवर शांतपणे बसली.

आठ वाजले. दारातून कोणी आलं नाही.

"कुठे आहेत सगळे?" ताई म्हणाल्या.

"येतील."

"अगं बोट जाईल ना! फोन कर त्यांना."

"केला होता. आवरतायत म्हणाले." तिने फोन केलेला नव्हता.

ताई गुडघ्यावर हात टेकत उतरल्या आणि हॉटेलात गेल्या. धाकटीला वरून दारं ठोठावल्याचा आवाज ऐकू आला. कशासाठी घाई आहे हे त्यांना सांगता येत नव्हतं. ज्या शपथेला आपणच मान डोलावली तिचाच आता तोंडात बोळा झाला होता. थोड्या वेळाने दादांचा आवाज खिडकीतून खाली आला, साबणाच्या फेसातून आल्यासारखा, "अगं ताई, मॅनेजरचे आठ म्हणजे आपले नऊ! तू कधीपासून एवढी वक्तशीर झालीस? बस निवांत, चहा घे." पाठोपाठ वहिनीचं हसणं आलं.

ताई परत आल्या त्या धापा टाकत. कपाळावर घाम होता.

"मला टॅक्सी करून दे," त्या म्हणाल्या. "मी पुढे होते. तुम्ही या मागून."

समोरच्या पदपथाशी टॅक्स्यांची रांग उभी होती. दहा पावलांवर. हात केला असता तर पहिली टॅक्सी वळून दारात आली असती आणि ताई धावतपळत का होईना, बोटीला पोचल्या असत्या. धाकटीने टॅक्स्यांकडे बघितलं. मग ताईंकडे बघितलं, आणि पाच वर्षं जिभेखाली धरून ठेवलेलं वाक्य तिने एकेक शब्द सुटा करून बाहेर काढलं.

"आपल्यात असं कोणी एकटं जात नाही, ताई. गाडी एकच आहे. सगळे मिळून जाऊ."

ताईंना आधी कळलं नाही. मग कळलं. ते कळताना धाकटीने डोळे भरून बघितलं. आधी कपाळाच्या आठ्या गेल्या, मग ओठ हलले, मग पिशवीवरचा हात घट्ट झाला.

"तुझी आई," ताई म्हणाल्या आणि थांबल्या.

"वाटेत चहासुद्धा घेऊ," धाकटी म्हणाली. "इथे बरा मिळतो."

तिला वाटलं होतं ताई आरडाओरडा करतील, शिव्या देतील, निदान हुकूम तरी सोडतील. ताईंनी हात जोडले. भर रस्त्यात, परक्या ड्रायव्हरसमोर, या बाईने धाकट्या भावजयीपुढे हात जोडले. धाकटीने ते जोडलेले हात नीट बघून घेतले आणि मान दुसरीकडे वळवली.

मग ताई स्वतःच रस्ता ओलांडून गेल्या. पहिल्या टॅक्सीच्या खिडकीत वाकून म्हणाल्या, "बोट! बोट!" हाताने लाटा करून दाखवल्या, पिशवी उघडून बांगड्या दाखवल्या. टॅक्सीवाला बिचारा गोंधळला. त्याला बोट समजली असावी, कारण त्याने मागच्या दाराकडे हात नेला. पण म्हातारी बाई रडवेली, हातात सोनं, बरोबर कोणी नाही. त्याने सावधपणे रस्त्यापलीकडे धाकटीकडे बघितलं. या लोकांची गाडी रोज हीच बाई भरते, हे तो रोज बघत होता. त्याने भुवया उंचावल्या. नेऊ का?

धाकटीने हात हलवला. नको, राहू दे. वर कपाळाशी बोट नेऊन थोडं फिरवलं आणि कसनुसं हसली. जगात कुठेही कळेल अशी ती खूण.

टॅक्सीवाल्याने समजूतदारपणे मान हलवली, ताईंचा हात खिडकीवरून हलकेच काढला आणि काच वर केली. ताईंनी वळून बघितलं. ती खूण त्यांना दिसली होती.

नऊच्या सुमाराला सगळे हसत खेळत उतरले. वहिनी पिनांसाठी परत गेली. धाकटीच्या नवऱ्याने विचारलं, ताई अशा गप्प का? गुडघा दुखतोय, धाकटी म्हणाली. गाडीत दादांनी जुनं गाणं धरलं, बाकीच्यांनी टाळ्या दिल्या. ताई खिडकीशी बसून होत्या.

धक्क्यावर बोट नव्हती. लांब पाण्यावर एक पांढरा ठिपका होता, तोही बघता बघता बेटाच्या कुशीत शिरला.

"हे काय?" दादा म्हणाले. "तू तर आठ म्हणाली होतीस!"

"आठच म्हणाले होते."

"म्हणजे खरे आठ?"

"आठ म्हणजे आठ, दादा. त्यात खरे खोटे काय असतं?"

वहिनी नवऱ्यावर उखडली, तुमची दाढी नडली. दादा तिच्यावर, तुझ्या पिना नडल्या. धाकटीचा नवरा म्हणाला, तिने वेळ बरोबर सांगितली होती, तिला कोणी बोलू नका. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा बायकोची बाजू घेऊन बोलला, तेही आज. मग कोणीतरी म्हणालं, जाऊ दे ना, बेट काय, झाडं आणि पाणीच असणार. सगळ्यांना ते पटलं. समोर थंडगार सरबतं विकणारी टपरी होती, मंडळी तिकडे वळली.

ताई धक्क्याच्या बाकावर बसल्या. धाकटी त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. जवळ बसायचं तिला काही कारण नव्हतं. पण मेजवानी मांडल्यावर ताटावरून कोण उठतं? तिला ताईंचं तोंड बघायचं होतं. छाती कशी भरून आली होती, हातापायांत हुरूप आला होता. आईच्या दारातल्या त्या चपला आठवल्या आणि ती मनात म्हणाली, आता बस. आता बसून राहा.

फोन वाजला. भाचीचा होता.

"मामी, बोट लागली. सगळे उतरले. आई नाहीये." तिचा आवाज कोरडा होता, पण त्या कोरडेपणाला ती जोर लावत होती.

"बोट चुकली गं," धाकटी म्हणाली.

पलीकडे वारा वाजत राहिला. मग भाची एकदम बोलू लागली. "मामी, एक सांग. मला दुसऱ्या कोणाचा भरवसा नाही, तुझा आहे. ती वेळेवर आली होती का? मला माहितीय आपली माणसं कशी आहेत. दादामामाची दाढी, मोठ्या मामीच्या पिना, सगळं माहितीय. ती आपली वेळेवर येऊन बसली असेल आणि बाकीच्यांनी घोळ घातला असेल, तर तसं सांग. मी विमान सोडते. नवरा जाऊ दे पुढे. मी आत्ता तिकडे येते, दादामामा समोर असला तरी येते. पण तिनेच उशीर केला असेल तर राहू दे. फक्त खरं सांग."

धाकटीने ताईंकडे बघितलं. ताईंना पलीकडचं ऐकू येत नव्हतं, पण फोन कोणाचा ते कळलं होतं. त्या फोन मागत नव्हत्या. हात मांडीवर ठेवून नुसत्या बघत होत्या. ही बाई आज आठच्या आधीपासून गाडीत बसून होती, हे जगात दोघांनी बघितलं होतं. एक तो ड्रायव्हर, त्याची भाषा कोणाला येत नव्हती. दुसरी धाकटी.

काल संध्याकाळी गच्चीत ती खरं बोलली होती, आणि त्याचा तिला केवढा तोरा होता.

"मामी?"

"तुझ्या आईलाच उशीर झाला," धाकटी म्हणाली.

मग भाची म्हणाली, "बरं." पुन्हा थांबून म्हणाली, "आणि तू कशी आहेस, मामी? सगळ्यांचं करून दमली असशील ना?"

"नाही गं," धाकटी म्हणाली. "मी बरी आहे."

"काळजी घे हं." फोन बंद झाला.

ताईंनी तिचं ते एक वाक्य ऐकलं होतं. त्या रडल्या नाहीत. बांगड्यांची पिशवी त्यांनी दोघींच्या मध्ये बाकावर ठेवली, चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. धाकटी वाट बघत होती. आता शाप देतील, आता अंगावर धावून येतील. तिला ते हवं होतं, त्याशिवाय घास उतरत नव्हता.

"फिटलं का गं?" ताईंनी विचारलं. खरंच विचारलं, एखाद्याला ताप उतरला का विचारावं तसं.

धाकटीने आत चाचपून बघितलं. मघाचा हुरूप कुठे गेला होता कोण जाणे, आणि निखारा होता तिथेच होता.

"नाही," ती म्हणाली.

टपरीपासून दादा हाका मारत होते, मॅनेजर, आता पुढे काय, दिवस फुकट जायचा का? धाकटी उठली आणि ड्रायव्हरशी बोलायला गेली, कारण अकरा माणसांना संध्याकाळपर्यंत कुठेतरी फिरवायचं होतं आणि ते काम तिचं होतं.